दोन नक्षत्रे थिगुरासाठी

जून महिन्याची पहिली तारीख उजाडली की येथील खारीवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलर दोरखंडांनी बांधून ठेवले जातात. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस गोव्याच्या समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. या बंदीविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ आहे, अंड्यांनी भरलेली मादी मारणे म्हणजे पुढल्या वर्षाचे पीक पेरण्यापूर्वीच खाऊन टाकणे होय, हे साधे तत्त्व रापणकारापासून ट्रॉलरमालकापर्यंत सर्वांना निदान बुद्धीने तरी पटलेले आहे. बंदी कोणी मोडली तर वृत्तपत्रांतून ओरड होते, खात्याला जाब विचारला जातो. हे सर्व योग्यच आहे. परंतु नेमक्या याच दिवसांत, किनाऱ्यापासून काही कोसांवर, पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या शेतमळ्यांतून आणि व्हाळांतून याच्या अगदी उलट असा प्रकार दरवर्षी घडत असतो आणि त्याविरुद्ध कोणी ब्रही काढीत नाही. समुद्रातील गरोदर मासळीला अभय देणारे आपण गोड्या पाण्यातील गरोदर मासळीला मात्र कोयत्याने तोडतो. ज्या माशाच्या वाट्याला ही कत्तल सर्वांत अधिक येते, त्या थिगुराविषयी आज आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

शहरात वाढलेल्या वाचकांपैकी कित्येकांनी थिगूर पाहिलाही नसेल. वास्कोच्या मासळीबाजारात बांगडा, तारली, इसवण यांच्या राशींत त्याला स्थान नाही. तो शेतकऱ्याचा मासा आहे. अंगाला खवले नाहीत, कातडी काळसर आणि बुळबुळीत, डोके चपटे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवरचा पर मानेपासून शेपटीपर्यंत सलग गेलेला आणि छातीच्या परांत असा तीक्ष्ण काटा की हाती धरणाऱ्याला त्याची दीर्घ काळ आठवण राहावी. लांबी वीतभर किंवा तिच्याहून थोडी अधिक. रूपाने तो कोणाला मोहात पाडील असा नाही. परंतु निसर्गाने त्याला एक असे सामर्थ्य दिले आहे की जे बांगड्याला नाही आणि इसवणालाही नाही. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले एक श्वसनेंद्रिय त्याला आहे आणि त्याच्या योगाने तो थेट हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. म्हणूनच जेथे इतर मासे गुदमरून मरतात त्या गढूळ, उथळ, चिखलमय पाण्यातही तो तग धरतो. उन्हाळ्यात तळी आणि डबकी आटली की तो ओल्या चिखलात दडून राहतो आणि पावसाची वाट पाहतो. ओल्या जमिनीवरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाणारा थिगूर जुन्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे.

शास्त्रज्ञ त्याला क्लॅरियस डुस्सुमिएरी या नावाने ओळखतात. बोर्दो येथील डुस्सुमिए नावाच्या एका फ्रेंच जहाजवाल्या व्यापाऱ्याने आपल्या देशाच्या किनाऱ्यावरून जे जलचरांचे नमुने नेले, त्यांवरून व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने १८४० साली या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले व त्या व्यापाऱ्याचेच नाव त्याला दिले. पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याची किनारपट्टी हेच त्याचे माहेर. जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठे तो नैसर्गिकपणे आढळत नाही. आपण ज्याला शेतातला क्षुद्र मासा समजतो, तो या दृष्टीने पाहता आपल्या भूमीचा खास ठेवा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या तांबड्या यादीत त्याची नोंद ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ असलेल्या जातींत झाली आहे. हा शब्दप्रयोग सौम्य आहे. परंतु ज्या व्हाळात बापाने टोपली भरून थिगूर आणले, त्याच व्हाळातून मुलगा रिकाम्या हाताने परततो, तेव्हा उंबरठा कधीच ओलांडला गेलेला असतो.

या माशाचा ऱ्हास का होत आहे हे समजण्यासाठी त्याची जीवनयात्रा ध्यानात घेतली पाहिजे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला आणि डोंगरउतारावरचे ताजे पाणी व्हाळांतून ओसंडून शेतांत पसरू लागले, की थिगुराला जणू हाक ऐकू येते. नदी, तळे, डोह जेथे कोठे तो उन्हाळाभर दडलेला असेल तेथून तो बाहेर पडतो आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतो. त्याच्यासोबत शेंगट्या, मळये, खवळे अशी इतर मंडळीही चढतात. कोकणात आणि गोव्यात ज्यांना चढणीचे मासे म्हणतात ते हेच. ही चढण हौसेची नव्हे, ती विणीची यात्रा आहे. नांगरलेल्या शेतातील वीतभर पाणी उथळ आणि कोमट असते, त्यात किडामुंगी विपुल असते, आणि नदीतील मोठ्या शिकारी माशांचा तेथे उपद्रव नसतो. नवजात पिलांना याहून सुरक्षित पाळणा कोणता मिळणार? थिगुराची मादी त्या पाळण्यात अंडी घालावयास चाललेली असते. पुढे भाताच्या चुडांच्या आडोशाने पिले वाढतात, डासांच्या अळ्या व किडे खातात आणि पाऊस ओसरू लागला की पाण्याबरोबर पुन्हा व्हाळात, नदीत, तळ्यात उतरतात. चढ आणि उतार अशा दोन पावलांवर या माशाचे सारे वंशसातत्य उभे आहे.

आणि नेमक्या चढाच्या पावलावर आपण कुऱ्हाड घालतो. पहिल्या पावसाच्या रात्री विजेऱ्या आणि गॅसबत्त्या घेऊन माणसे व्हाळाच्या काठी उभी राहतात. प्रकाशाने दिपलेला, उथळ पाण्यात अर्धा उघडा पडलेला मासा कोयत्याच्या एका घावात तुटतो. अरुंद जागी बांबूचे सापळे लावले की चढणारा सगळा थवा त्यात सापडतो. सकाळी हे मासे चिरताना प्रत्येक मादीच्या पोटात अंड्यांचा गोळा निघतो, आणि त्या गोळ्याची चव विशेष म्हणून तो आवडीने खाल्ला जातो. एका मादीबरोबर हजारो अंडी नष्ट होतात, याचा हिशेब त्या वेळी कोणाच्या मनात नसतो.

कोणी म्हणेल, हे तर आमच्या आज्यापणज्यांपासून चालत आले आहे, तेव्हा मासे संपले नाहीत, मग आताच काय झाले? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे आम्हांला मान्य नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, बाजार दूर, हाती पैसा नाही, अशा स्थितीत शेतकरी कुटुंबाला व्हाळातील चार मासे म्हणजे देवाने धाडलेली भाजी होती. त्या कुटुंबाला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही. परंतु तेव्हाची आणि आताची परिस्थिती एक नाही. तेव्हा गावातील दहा माणसे आपल्या जेवणापुरते मासे आणीत. आता शहरांतून मोटारसायकलींवरून तरुणांच्या टोळ्या केवळ मौजेखातर येतात, आणि पहिल्या पावसाचे मासे म्हणून रस्त्याच्या कडेला त्यांचा चढ्या भावाने व्यापारही होतो. तेव्हा साधन कोयता आणि सापळा एवढेच होते. आता बॅटरीला तारा जोडून पाण्यात विजेचा धक्का दिला जातो, डोहात ब्लीचिंग पावडर ओतली जाते. अशा पाण्यात लहान आणि मोठा, खाण्याजोगा आणि न खाण्याजोगा, असा भेद उरत नाही. सारा डोहच मरतो. विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने गुन्हा ठरवलेले आहे. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा कागदावर आहे आणि डोह मात्र ओस पडत आहेत. शिवाय तेव्हा जे मासे वाचत त्यांना वीण घालण्यास शेते होती, दडण्यास तळी होती. आता ती कोठे आहेत?

येथे प्रश्न केवळ माशाचा न राहता जमिनीचा होतो, आणि वास्कोत बसून डिचोलीच्या व्हाळांविषयी आम्ही का लिहावे, याचेही उत्तर येथेच मिळते. डिचोलीच्या डोंगरांतून निघालेले लोहखनिज कित्येक दशके बार्जींत भरून मांडवीतून उतरले आणि मुरगाव बंदरातून परदेशी गेले. या शहराच्या भरभराटीत त्या खनिजाचा मोठा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या भरभराटीची किंमत कोणी मोजली? पावसाळ्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवरून वाहिलेली तांबडी माती व्हाळांत उतरली, डोह गाळाने भरले, भातशेतीवर चिखलाचा थर बसला. भूजलाच्या पातळीखाली खणलेल्या खाणींतून पाण्याचा सतत उपसा झाल्याने शिरगावसारख्या गावाच्या विहिरी आणि झरी सुकली. ज्या ओलाव्यात थिगूर उन्हाळा काढीत असे तो ओलावाच हरपला. न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल २०१२ साली आला, खाणी थांबल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर खाणकाम पुन्हा सुरू होत आहे. ते व्हावे की न व्हावे हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्यांना परवाने मिळतील त्यांनी पावसाळ्यापूर्वी गाळ अडवण्याची व्यवस्था केली आहे किंवा नाही, आणि साचलेला गाळ व्हाळांतून काढला आहे किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही.

पेडण्याचे दुखणे निराळे आहे. तेथे खनिजाची धूळ नाही, पण जमिनीला आलेला भाव आहे. महामार्ग रुंद झाला, मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. कोकणचा सडा दिसायला कातळ असला तरी पावसाचे पाणी पोटात साठवून तो खालच्या गावांतील झरे वाहते ठेवीत असतो. सड्यावर जे घडते त्याचे फळ पायथ्याच्या शेतीला भोगावे लागते. शेती परवडत नाही म्हणून मळे पडीक राहू लागले, आणि पडीक मळ्यात मातीचे ढिगारे कोणाच्या नजरेस न येता पडू लागले. जेथे शेती शिल्लक आहे तेथे तणनाशके आणि कीटकनाशके आली. जेथे मातीचे व्हाळ होते तेथे सरळ उभ्या भिंतींचे काँक्रीटचे नाले आले. पाणी वेगाने वाहून जावे ही अभियंत्यांची दृष्टी आम्ही समजू शकतो. परंतु काँक्रीटच्या उभ्या भिंतीवर मासा चढत नाही. नाल्यातून शेतात शिरण्याचा तिरकस, चिखलाचा मार्ग बुजला की तो व्हाळ थिगुराच्या दृष्टीने वांझ झाला.

या सर्वांवर कडी केली ती परदेशी पाहुण्याने. आफ्रिकेतील एक मोठा मांगूर १९९० च्या दशकाच्या आरंभी बांगलादेशमार्गे आपल्या देशात शिरला आणि ‘थाई मांगूर’ या नावाने तळ्यातळ्यांतून पसरला. तो थिगुराचाच चुलतभाऊ. परंतु आकाराने कित्येक पट मोठा, भलत्यासलत्या घाणीवरही वाढणारा आणि दिसेल तो जलचर गिळणारा. व्यापाऱ्याला तो सोयीचा, कारण थोडक्या काळात वजन भरते. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घातली. तरीही तो चोरट्या मार्गाने पाळला जातोच. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे शोधून नष्ट करावे लागले. तळ्यातून पुराच्या पाण्याबरोबर हा मासा एकदा नदीत उतरला की त्याला परत बोलावता येत नाही. अंगावर पाहुणा घेताना त्याचे कुळशील पाहावे असे आपल्याकडे म्हणतात; आपण मात्र केवळ वजन पाहिले.

मग उपाय काय? असा विषय निघाला की सरकारी कचेरीतून एक ठरावीक उत्तर तत्परतेने येते: मत्स्यबीज तयार करू आणि पाण्यात सोडू. एखादे मंत्रीमहोदय हंड्यातून पिले ओततात, छायाचित्र छापून येते, आणि संवर्धन पार पडले असे सर्वांना वाटते. बीजनिर्मितीला आमचा विरोध नाही. परंतु ती किती जपून केली पाहिजे याचा धडा कावेरी नदीने आपल्याला शिकवला आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनच्या खडस माशाची, म्हणजेच महासीरची, पैदास करण्यात आली आणि हेतू शुद्ध ठेवूनच ती पिले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही ती सोडली गेली. तेथे कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा महासीर होता. पाहुणे वाढले आणि घरधनी घटत गेले. २०१८ साली कावेरीच्या त्या मूळ जातीची गणना नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत करावी लागली. तिच्या ऱ्हासाला इतरही कारणे होती हे खरे. परंतु परक्या बीजाने तिची स्थिती अधिक बिकट केली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तात्पर्य असे की माशांची संख्या वाढवणे आणि माशाची जात राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेथील मासा त्याला तेथेच वाढू दिले पाहिजे. आणि ज्या व्हाळात मासा चढू शकत नाही, ज्या शेतात अंडी जगू शकत नाहीत, तेथे लाखभर पिले सोडली तरी ती मोडक्या रांजणात पाणी ओतण्यासारखेच होणार.

याउलट, खर्च न करता, केवळ संयमाने माशांचे रक्षण कसे होते, हे पाहावयाचे असेल तर महाड तालुक्यातील वाळण कोंडीकडे पाहावे. काळ नदीच्या त्या डोहातील मासे देवी वरदायिनीचे मानले जातात. कोणी त्यांना पकडीत नाही. उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. तेथे पहारेकरी नाही आणि दंडाची पावती फाडणारा अंमलदारही नाही, तरीही डोहात महासीर निर्धास्तपणे फिरतात. श्रद्धेने जे साधले ते कायद्याने साधता येणार नाही असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या सावंतवाडी तालुक्यात, आंबोली येथे, हिरण्यकेशीच्या उगमावरील महादेवाच्या देवळाजवळ एका चिमुकल्या माशाची नवी जात संशोधकांना आढळली. २०२० साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, नदीचेच नाव तिला मिळाले, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केले. बोटभर माशासाठी एखादे सरकार इतके करू शकते. गोव्यातही २०२२ साली डिचोली तालुक्यातील सुर्ल गावच्या राईला असाच दर्जा मिळाला. जी दृष्टी राईला लावली ती एखाद्या तळ्याला, एखाद्या मळ्याला का लावू नये?

बिहारने थिगुराच्या जवळच्या नातेवाइकाला, मागुराला, राज्य मासा म्हणून मान दिला आहे. गोव्याने २०१६ साली शेवट्याला तो मान दिला, आणि तो योग्यही आहे. परंतु मानाचा विडा देऊन कोणाचा वंश वाढत नाही. थिगुराला पदवी नको आहे. त्याला वाट हवी आहे आणि काही दिवसांचे अभय हवे आहे. म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. आपला शेतकरी पावसाचा हिशेब तारखांनी करीत नाही, नक्षत्रांनी करतो. मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रे थिगुराला द्या. साधारण ७ जूनपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे हे चार आठवडे चढणीच्या माशांवर कोणी कोयता उगारू नये, सापळा लावू नये. समुद्रातील बंदी याच दिवसांत असतेच. तीच मर्यादा व्हाळापर्यंत आणावयाची आहे. त्यानंतर, भाद्रपद-आश्विनात शेतांतील पाणी उतरू लागेल तेव्हा, वाढलेल्या पिलांतून आपल्या जेवणापुरते मासे घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. चढ सोडावा, उतार घ्यावा. यात गरिबाच्या ताटातील घास काढून घेतला जात नाही. तो केवळ तीन महिने पुढे ढकलला जातो आणि अधिक भरीव होऊन परत येतो.

हे कोणी करावे? केवळ पोलिसांकडून हे होणार नाही, कारण पहिल्या पावसाच्या मध्यरात्री प्रत्येक व्हाळावर शिपाई उभा करता येत नाही. हे काम गावाचे आहे. गोमंतकातील गावकरी संस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून चालत आलेली आहे. बांध कोणी घालावा, पाणी केव्हा सोडावे, मानशीवरील मासेमारीची पावणी कशी करावी, याचे नियम आपल्या पूर्वजांनी स्वतः केले आणि स्वतः पाळले. आज कोमुनिदादी आहेत, कुळांच्या संघटना आहेत, पंचायती आहेत आणि २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. या समित्यांचे काम नोंदवही भरून कपाटात ठेवण्यापुरते आहे काय? मे महिन्याच्या ग्रामसभेत एक ठराव, व्हाळाच्या तोंडाशी एक फलक, आणि पहिल्या पावसाच्या रात्री गावातल्याच पाचपंचवीस तरुणांची गस्त, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. साळ, मेणकुरे, मये, कोरगाव, इब्रामपूर यांसारख्या गावांनी हे मनावर घेतले तर इतर गावे त्यांच्या मागोमाग आल्यावाचून राहणार नाहीत.

सरकारकडून आम्ही तीन गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, बॅटरीच्या धक्क्याने आणि विषारी द्रव्यांनी होणारी मासेमारी कठोरपणे बंद करावी; येथे समजुतीची भाषा पुरे झाली. दुसरी, जलस्रोत खात्याने व्हाळांची कामे हाती घेताना दर काही अंतरावर शेताच्या बाजूने मातीचा तिरकस उतार मोकळा ठेवावा, आणि निदान काही तळ्यांचा गाळ काढताना उन्हाळ्यात आसऱ्यापुरती ओल शिल्लक राहील अशी काळजी घ्यावी. तिसरी, मच्छीमारी खात्याने आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने पेडणे व डिचोली तालुक्यांत थिगुराची गाववार पाहणी करावी, थाई मांगूर कोठे पाळला जातो याचा शोध घ्यावा, आणि बीजनिर्मिती करावयाचीच तर ती त्या त्या नदीतील स्थानिक माशांपासूनच करावी. यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

एवढ्या सगळ्या खटाटोपात एका मिशाळ, बुळबुळीत माशाची मातब्बरी ती काय, असा प्रश्न अजूनही कोणाच्या मनात असेल. त्याला आम्ही इतकेच सांगू की थिगूर हा आपल्या शेतीच्या प्रकृतीची नाडी आहे. जेथे तो चढतो तेथे पाण्यात विष नाही, व्हाळ जिवंत आहे, तळ्यात ओल आहे आणि शेत नांगरले जात आहे, असे निःशंक समजावे. जेथे तो येईनासा झाला तेथे आज मासा गेला, उद्या विहीर जाईल आणि परवा शेतकरी जाईल. मत्स्यावताराची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ओंजळीत आलेल्या एका इवल्या माशाने राजाला विनविले, मोठे मासे मला गिळतील, मला रक्षण दे. राजाने त्याला तुच्छ लेखले नाही, कमंडलूत ठेवले, मग तळ्यात, मग सागरात. प्रलय आला तेव्हा त्याच माशाने राजाची नौका ओढून पैलतीराला नेली. या कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु रक्षण मागणाऱ्या लहान जिवाला आधी जागा द्यावी लागते, आणि ती देताना त्याच्या उपयोगाचा हिशेब मांडीत बसावयाचे नसते, हा तिचा अर्थ सर्वांनाच घेण्यासारखा आहे.

पुढचा मृग कोसळेल तेव्हा पेडणे-डिचोलीच्या व्हाळांत जे काही थोडे थिगूर उरले असतील ते पुन्हा चढू लागतील. त्यांना शासनाचे निर्णय ठाऊक नाहीत आणि आपली भांडणेही ठाऊक नाहीत. ताज्या पाण्याची हाक तेवढी ठाऊक आहे. त्या रात्री व्हाळाच्या काठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने हातातील कोयता खाली ठेवून त्यांना शेतात जाऊ द्यावे. पंचायतींनी त्याआधी ठराव करावेत आणि सरकारने त्या ठरावांच्या पाठीशी उभे राहावे. दोन नक्षत्रांचा संयम ही फार मोठी मागणी नव्हे.